पहिल्यांदा कुठे ऐकलं

एक वाजून चार मिनिटांनी माझ्या बायकोचं उत्तर बरोबर आलं. मी तेव्हा कुणा अनोळखी माणसाच्या खालच्या कवळीत उजवीकडची दुसरी दाढ बसवत होतो. मेण कोमट होतं, दाढ चिमट्यात होती, आणि फोन प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीला टेकवून उभा केला होता, रोज एक वाजता असतो तसा. कोडं पडून चारच मिनिटं झाली होती. ‘चौघं आले, तिघांची नावं लागली. चौथ्याने दुसऱ्या कडव्यात खाकरून हजेरी लावली. बासरी मधेच रुसली, ती शेवटपर्यंत बोलली नाही.’ मी दोन गाण्यांपर्यंत येऊन पोचलो होतो. दोन्हींत बासरी अर्ध्यावर बंद होते. खाकरणं कुठल्या गाण्यात आहे एवढंच आठवायचं होतं, आणि मिनिटभर मिळालं असतं तर ते मला हमखास आठवलं असतं. तेवढ्यात पडद्यावर आलं, ‘पहिलं बरोबर उत्तर : दातवाल्या वहिनी. वेळ १.०४.’ दाढ तिरकी बसली. पाठोपाठ टाळ्या वाजवणारे हात आले, आणि वकीलसाहेबांनी लिहिलं, ‘दातवाले, तुमच्या घरातच चोरी झाली की.’ मी लगेच काही पाठवलं नाही. तीन मिनिटं थांबलो, मग एक अंगठा पाठवला. लगेच पाठवला असता तर घाईघाईने पाठवला असं दिसलं असतं, आणि पाठवलाच नसता तर ते त्याहून वाईट. तीन मिनिटं हा हिशेब मी दाढ उपसून पुन्हा मेण तापवताना केला. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणाऱ्या बाईंनी विचारलं, “काय झालं, भाजलं का?” मी म्हटलं, हो.

दातवाले म्हणजे मी. आमच्या मंडळात अकरा माणसं आहेत आणि आम्ही एकमेकांना धंद्यावरून ओळखतो. मंडळ चालवतात तबकडीकाका. त्यांनी चौतीस वर्षं एका रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रिका राखल्या, म्हणजे त्या पुसल्या, पाकिटात घातल्या, नोंदल्या आणि मागणी आली की काढून दिल्या. निवृत्त झाल्यावर इतकी गाणी डोक्यात घेऊन माणसाने करायचं काय, म्हणून ते रोज दुपारी एकला एक कोडं घालतात. कोड्यात गाण्याचे शब्द कधी नसतात. गाण्यात काय घडतं ते असतं, तेही आडून आडून. उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं नाही, काकांना वेगळं पाठवायचं. पहिलं कोण आलं ते काका तिथल्या तिथे जाहीर करतात, आणि उत्तर संध्याकाळी सहाला. सुरुवातीला लोक इंटरनेटवर शोधून उत्तरं देऊ लागले तेव्हा काकांनी एक नियम घातला. उत्तराबरोबर साक्ष लिहायची. हे गाणं तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं, कोणाबरोबर, काय चाललं होतं. साक्ष नसेल तर उत्तर बाद. काकांचं म्हणणं असं, की गाणं शोधून सापडतं, पण गाण्याशी झालेली पहिली भेट शोधून सापडत नाही. सहाला उत्तराखाली पहिल्या आलेल्याची साक्ष लावली जाते, आणि खरं सांगायचं तर लोक कोड्यापेक्षा तिचीच वाट बघतात. सहा वर्षं मी या मंडळात आहे. सहाही वर्षं वर्षअखेरीच्या यादीत माझं नाव सर्वांत वर होतं. दुसऱ्या नंबरावर वकीलसाहेब, ते माझ्या निम्म्यावर. माणसाला आयुष्यात एखाद्या ठिकाणी तरी पहिलं असावं असं वाटतं. मी कवळ्या करतो. माझी कवळी कुणाच्या तोंडात जाते ते मला कधी कळत नाही, आणि चांगली बसली तर त्या माणसाला माझी आठवणही होत नाही, वाईट बसली तरच होते.

बायकोला मंडळात मीच घेतलं. ती अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. मग तिथे यंत्र आलं, ‘बाह्यरुग्ण विभागासाठी एक दाबा’ म्हणणारं, आणि हिला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. मुलगी परगावी असते. तिचा फोन आला, “बाबा, आई दिवसभर घरात एकटी असते. तुमच्या त्या कोड्यांत तिला घ्या ना.” मी म्हटलं, “अगं, तिला त्यातलं काय कळणार, कोण संगीतकार नि कोण गायक तिला माहीत नसतं.” मुलगी म्हणाली, “मग बघत बसेल.” हे मला पटलं, फारच पटलं. तिने बघत बसावं. मी चार मिनिटांत, पाच मिनिटांत उत्तर देतो, सगळे टाळ्या वाजवतात, संध्याकाळी माझी साक्ष वाचून मंडळातल्या दोघी बहिणी डोळे पुसल्याची चित्रं पाठवतात, हे तिने एकदा बघावं असं मला सहा वर्षं वाटत होतं. घरी मी कितीही सांगितलं तरी ती “हो का” म्हणायची आणि पंख्याचा वेग कमी करायची. पहिले वीस दिवस ती गप्प होती. एकविसाव्या दिवशी ते १.०४ झालं. आपणच खड्डा खणावा, वर नीट सारवून घ्यावा आणि त्यात आपणच पाय घालावा, तशातली गत.

त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. ती मटार सोलत बसली होती. मी हातपाय धुतले, खुर्चीत बसलो आणि जणू सहज फोन उघडला. साक्ष लागली होती. ‘मी नऊ वर्षांची. मावशी शिवणयंत्रावर बसलेली. रेडिओत तो माणूस खाकरला तेव्हा मावशी म्हणाली, याला पाणी द्या कुणीतरी. तेव्हापासून ते खाकरणं आलं की मला तहान लागते.’ एवढंच. साधं, शाळेतल्या मुलीने लिहावं तसं. पण खाली अकरापैकी नऊ जणांनी काहीबाही लिहिलं होतं, आणि काकांनी, जे स्तुती म्हणून ‘ठीक’ लिहितात, त्यांनी लिहिलं होतं, ‘हे खाकरणं आमच्या नोंदवहीत होतं. त्याला तहान लागली असेल हे चौतीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही.’ मी म्हटलं, “छान लिहिलंयस.” ती म्हणाली, “तुम्हाला आलं नाही का ते?” यात टोमणा नव्हता. तिच्या बोलण्यात टोमणा कधी नसतो, हीच पंचाईत आहे. मी म्हटलं, “मी कामात होतो.” ती म्हणाली, “हो, तेही आहेच,” आणि एक शेंग माझ्यापुढे सरकवली.

त्या दिवसापासून दोन महिन्यांत ती एकोणीस वेळा पहिली आली. आकडा मला माहीत आहे कारण मी मोजत होतो. तिसऱ्या वेळेनंतर तिचं ‘दातवाल्या वहिनी’ हे नाव सुटलं आणि ‘ऑपरेटरबाई’ असं स्वतःचं नाव पडलं. मंडळात नाव कोणी देत नाही, ते पडतं. मी खट्टू झालो हे लपवण्यासाठी सगळ्यात आधी ‘ऑपरेटरबाई, अभिनंदन’ असं मीच लिहिलं. आमच्या दोघांच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक होता. मी कोड्याकडे जबड्याच्या साच्याकडे बघतो तसं बघतो. कुठे खोलगट आहे, कुठे उंचवटा, कोणतं वाद्य, कोणतं साल, त्या साली कोण आजारी होता, कुणाचं कुणाशी भांडण होतं. एकेक गाणं बाद करत करत शेवटी उरतं ते उत्तर. ती तसं काहीच करत नाही. तिला गाण्याचं नावसुद्धा येत नाही पुष्कळदा. ती काकांना गुणगुणून पाठवते. दोन ओळी, बिनशब्दांच्या, मागे कुकरची शिट्टी. आणि काका ते मान्य करतात. मी एकदा काकांना लिहिलं, की नियमात उत्तर ‘लिहून’ द्यावं असं आहे. काकांचं उत्तर आलं, ‘नियम मी केला तेव्हा मला अशी माणसं माहीत नव्हती.’ त्या दिवशी मी एका कवळीचे सहाही पुढचे दात एका शेडने जास्त पांढरे लावले आणि डॉक्टरांकडून ती परत आली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ही दुसरी वेळ.

खरी गोष्ट अशी की माझ्याकडे साक्षी नव्हत्या. आमच्या लहानपणी घरात गाणं नव्हतं. वडील रात्रपाळीला जात आणि दिवसा झोपत. एकच खोली. आई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवायची. रेडिओ होता, पण तो कपाटावर कापड घालून ठेवलेला, आणि तो लावायचा म्हणजे वडिलांना उठवायचं, आणि वडिलांना उठवायचं म्हणजे काय ते आम्ही दोघा भावांनी एकदाच बघितलं होतं. आम्ही खुणांनी भांडायचो. मला आलेली सगळी गाणी नंतरची, लग्नानंतर जुन्या तबकड्यांच्या दुकानात उभ्याने वाचलेली. हो, वाचलेलीच. तबकडी विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून मी वेष्टनाची मागची बाजू पाठ करायचो, कुणी वाजवलं, कुणी गायलं, कुठल्या साली. त्यामुळे काकांनी साक्षीचा नियम काढला तेव्हा मी दोन दिवस गप्प राहिलो आणि तिसऱ्या दिवशी मला एक मामा झाला. मामाकडे कर्णा असलेला ग्रामोफोन होता. मामा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला ओसरीवर बसवून तबकड्या लावायचा, सुई बदलताना बोलू द्यायचा नाही, एका डोळ्याने अधू होता. मामा लोकांना फार आवडला. एकदा काही दिवस तो साक्षींत आला नाही तर दोघी बहिणींनी तब्येतीची चौकशी केली. माझी आई एकुलती एक होती.

असो. सांगत होतो ते हे, की पहिल्या पाच-सहा वेळा माझ्या पोटात दुखत होतं ते नंबरासाठी. तिथवर ते दुखणं ओळखीचं होतं, शाळेत शेजारच्याला जास्त मार्क पडले की होतं तसलं. मग एका गुरुवारी तिची साक्ष आली. ‘इस्पितळात दर गुरुवारी एक गृहस्थ वॉर्ड नंबर सातसाठी फोन करायचे. लाइन मिळेपर्यंत थांबायचे. त्यांच्या मागे रेडिओ चालू असायचा. एका गुरुवारी हे गाणं लागलं होतं. वॉर्डची लाइन मोकळी झाली होती, तरी मी जोडली नाही. गाणं संपल्यावर जोडली. ते म्हणाले, थँक्यू. त्यांना कळलं होतं.’ मी हे बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा गेला. कोण गृहस्थ. अठ्ठावीस वर्षं मी तिला संध्याकाळी विचारत आलो, कसा गेला दिवस, आणि ती म्हणत आली, फोन वाजत होते, आणखी काय. आणि तिथे गुरुवार होते. तिथे एक माणूस होता, त्याला न सांगता काहीतरी कळलं होतं, आणि तीन मिनिटं दोघंही काही न बोलता एकच गाणं ऐकत होते. पुढच्या थांब्यावर उतरून मी उलटा चालत आलो. वाटेत मी ठरवलं की विचारायचं नाही, आणि दार उघडताक्षणी विचारलं, “ते गुरुवारवाले कोण?”

“कोण गुरुवारवाले?”

“वॉर्ड नंबर सात.”

“अहो, मला काय माहीत. त्यांची बायको होती सातमध्ये. नंतर फोन यायचे बंद झाले.”

“बरी झाली का?”

“सात नंबरातून कोणी बरं होत नसे,” ती म्हणाली. यानंतर माणसाला लाज वाटायला हवी होती. मला वाटलीही, पण ती जेवणापर्यंतच टिकली. जेवताना मनात आलं, विधुर झाला म्हणजे.

मग उंच मुलगा आला. ‘कॉलेजच्या वसतिगृहाची गच्ची. एक उंच मुलगा माउथ ऑर्गनवर या गाण्यातला मधला तुकडा वाजवायचा. मला तो तुकडा आधी पाठ झाला, गाणं चार वर्षांनी कळलं.’ मी पाच फूट तीन इंच आहे. कपाटाच्या वरच्या फळीवरचं ती मला मागत नाही, स्टुलावर चढून स्वतः काढते, आणि आजवर मला ते सोयीचं वाटत आलं होतं. आता ती स्टूल ओढते त्या आवाजानेही माझं डोकं फिरू लागलं. मी आडून विचारलं, “गच्ची मुलींच्या वसतिगृहाची की मुलांच्या?” ती म्हणाली, “मधे भिंत होती.” मी म्हटलं, “मग उंच आहे हे कसं कळलं?” ती हसली, चांगली खळखळून हसली आणि म्हणाली, “भिंतीवरून दिसायचा ना.” मुलीशी फोनवर बोलताना तिने हे तिला सांगितलं. दोघी हसत होत्या आणि मी दुसऱ्या खोलीत तेच वाक्य परत परत तपासत होतो, दिसायचा. एकदा दिसला नाही, दिसायचा. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं हे मला माहीत होतं, म्हणजे माझी मला माहीत होती. पण माहीत असल्याने पिवळेपण कमी होत नाही.

त्या दिवसांत मी कामावर बसल्या बसल्या तिच्या साक्षी मनात लावत राहायचो. मावशी, गुरुवार, उंच मुलगा, शाळेतल्या गाण्याच्या बाई, इस्पितळाच्या जिन्याखाली रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस, प्रवासात डब्यात गाणारी एक आंधळी मुलगी. एकोणीस साक्षी. एकोणिसांतल्या एकीतही मी नव्हतो. एकतीस वर्षं झाली लग्नाला. तिच्या कानांवर एकतीस वर्षांत जे पडलं ते सगळं मी शेजारी असताना पडलं असणार, निदान निम्मं. पण जे राहिलं त्यात मी नाही. मी समोरच्या साच्याकडे बघायचो. वरचा नि खालचा जबडा यंत्रात बसवून उघडझाप करून बघावी लागते, दात दातावर येतो की नाही. कुठल्या तरी माणसाचा चावा, माणूस मात्र कुठेच नाही. पॉलिशवाल्या बाई म्हणाल्या, “हल्ली तुम्ही स्वतःशीच दातओठ खाता.” मी म्हटलं, “धंदाच तो आहे.” त्यांना ते आवडलं, त्यांनी ते सगळ्या लॅबभर सांगितलं.

रविवारचं कोडं काका घालत नाहीत. पाळीपाळीने एकेक सभासद घालतो, आणि उत्तरंही त्यालाच जातात. अट एकच, गाणं पूर्वी येऊन गेलेलं नसावं, आणि ते ज्याचं त्याने काकांच्या फायलींत बघून घ्यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी आठ दिवस आधीपासून कामाला लागलो. मी काय करतो आहे ते मला स्वच्छ दिसत होतं. मला असं गाणं हवं होतं की ज्याची साक्ष लिहायला बसल्यावर तिला मला लिहावंच लागेल. अकरा जणांसमोर, काकांसमोर, तिच्या हाताने. आणि ते गाणं होतं. लग्नानंतर सव्वा महिन्याने आम्हाला तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने मिळाली. आम्ही ट्रंक आणि दोन वळकट्या घेऊन गेलो, तर कुलूप उघडेना. घरमालक दुसरी किल्ली शोधत होता. आम्ही दोघं जिन्यात ट्रंकेवर बसलो होतो, आणि समोरच्या बंद दाराआडून रेडिओवर ते गाणं आलं. बाईचा आवाज, साथीला एकच व्हायोलिन. ते गाणं धृपदावर परत येत नाही. तीन कडवी होतात, चौथं सुरू होतं आणि अर्ध्यात संपतं, जणू गाणारी उठून गेली. मला ती पायरी आठवत होती, तिची चप्पल, चपलेचा तुटलेला आणि टाचणीने जोडलेला बंद, आणि आमचे खांदे एकमेकांना लागले होते ते. गाणं संपल्यावर आम्ही काही बोललो नाही, हेही आठवत होतं. मी कोडं लिहिलं, ‘निघाली ती घरी परतलीच नाही. सोबतीला एकटं व्हायोलिन. तीन मजले चढली, चौथ्याला मधेच थांबली.’ मजले हा शब्द मी मुद्दाम घातला. फायलींत बघितलं नाही. सहा वर्षांत काय आलं नि काय नाही हे ज्याला तोंडपाठ आहे त्याने फायली कशाला बघायच्या.

रविवारी एकला मी कोडं टाकलं. आम्ही दोघंही घरातच होतो, टेबलाच्या दोन बाजूंना. मधे चहाचे दोन कप आणि तिचा चष्म्याचा डबा. तिने फोन उचलला, हात लांब करून वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं ते मी बघितलं. ओठ थोडे सैल पडले, ती खिडकीकडे बघत राहिली. मग टाइप करू लागली. माझ्या फोनवर तिच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं आलं. चार हातांवर बसलेली माझी बायको मला लिहीत होती. एरवी ती एका बोटाने दोन ओळी लिहिते. आज ‘लिहीत आहे’ जात होतं, पुन्हा येत होतं. मी इतका सुखात होतो की चहा प्यायचं सुचलं नाही. एक वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. काकांचा संदेश होता, मंडळात, सगळ्यांसाठी. ‘कोडं बाद. हे गाणं चार वर्षांपूर्वी येऊन गेलं आहे, व्हायोलिनवाल्याच्या अंगाने घातलं होतं. दोन मिनिटांत सोडवणारे, खुद्द दातवाले. साक्ष नोंदीत आहे : मामाच्या ओसरीवर, आंब्याच्या दिवसांत, सुई बदलून मामाने हेच पहिलं लावलं. दातवाले, मामाला विसरलात?’ हसरे चेहरे येऊ लागले. एक, चार, सात. वकीलसाहेबांनी लिहिलं, ‘साक्षीदार फितूर झाला.’

चार वर्षांपूर्वीची ती दुपार मला तेव्हा आठवली. एका हातात प्लास्टरची सुरी होती. व्हायोलिनवाल्याचं नाव वेष्टनाच्या मागे डाव्या कोपऱ्यात होतं, ते मला दिसलं, आणि दुसऱ्या हाताने मी सवयीने मामा लिहिला. जिना तेव्हा डोक्यात आलाही नव्हता. ज्या एका गाण्याची माझ्याजवळ खरी साक्ष होती, त्यालाही मी मामाच लावला होता. मी वर बघितलं. तिच्या हातातला फोन आता टेबलावर पालथा होता. ‘लिहीत आहे’ गेलं होतं.

“काय लिहीत होतीस?” मी म्हटलं.

“आता काय त्याचं. बाद झालं ना.”

“तरी.”

ती कपांतली साय चमच्याने काढत राहिली. मग म्हणाली, “मला मामाचं माहीत होतं. काकांकडून मी सगळ्या फायली मागवल्या होत्या, सहा वर्षांच्या. तुमच्या चारशे अकरा साक्षी आहेत. दुपारी बसून सगळ्या वाचल्या.”

“मग तू बोलली नाहीस.”

“बोलायचं काय? मामा चांगला आहे. मला तर तो खरा वाटायला लागला होता.” तिने चमचा खाली ठेवला. “मी आपली बघत होते, मी कुठे आहे. एकतीस वर्षं आहे ना मी घरात. म्हटलं एखाद्या गाण्यात असेन, गेलाबाजार कप आणून ठेवताना तरी. चारशे अकरांत नाही हो. या गाण्याशी आले, चार वर्षांपूर्वीच्या, तेव्हा वाटलं की इथे तरी. तिथेही ओसरीच.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “मला आठवतं सगळं. ट्रंकेवर बसलो होतो आपण दोघं. तुझ्या चपलेला टाचणी होती.”

“टाचणी होती,” ती म्हणाली. “पण तुम्ही नव्हता.”

“म्हणजे?”

“तुम्ही घरमालकाबरोबर खाली गेला होता किल्लीला. मी एकटीच होते ट्रंकेवर. नवीन जागा, जिन्यात अंधार, मला रडू येत होतं. तेवढ्यात ते गाणं लागलं. तुम्ही वर आलात तेव्हा संपलं होतं. तुम्ही विचारलंत, काय झालं, तर मला सांगता येईना, म्हणून मी तुम्हाला ते म्हणून दाखवलं. जिन्यातच, हळू आवाजात. सगळं येत नव्हतं, जेवढं राहिलं होतं तेवढं. तुम्ही म्हणालात, हे शोधून काढू. मग ते तबकड्यांचं दुकान धरलंत ते आजतागायत. हेच लिहीत होते मी. की मी हे पहिल्यांदा एकटीने ऐकलं, आणि यांनी पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं.”

टेबलावर माझा फोन अजून हसऱ्या चेहऱ्यांनी थरथरत होता. मी तो जिना पुन्हा बघू लागलो. खांदा लागला होता तो मला स्पष्ट आठवत होता, पण गाणं आता दाराआडून येत नव्हतं, तिच्याकडून येत होतं, आणि मला व्हायोलिन आठवत होतं ते वेष्टनावरचं. म्हणजे माझ्या डोक्यातली ही सगळी गाणी, सहा वर्षं पहिला नंबर, काकांची शाबासकी, ते सगळं तिने जिन्यात म्हटलेल्या अडीच कडव्यांतून निघालं होतं, आणि ती हे एकतीस वर्षं जाणून होती, आणि तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. अशा वेळी माणसाने काय म्हणावं ते मला कळत होतं. चांगली चार वाक्यं माझ्या जिभेवर होती. आणि मी म्हटलं, “समोरच्या खोलीत कोण राहत होतं?”

तिने माझ्याकडे बघितलं.

“बाहेरून कुलूप होतं,” ती म्हणाली. “कुणीतरी रेडिओ बंद करायचा विसरून गेलं असेल.”

मला हायसं वाटलं. मी चेहरा सरळ ठेवला, निदान ठेवायचा प्रयत्न केला. पण अठ्ठावीस वर्षं लोकांच्या नुसत्या श्वासावरून ओळखणारी बाई ती. माझा श्वास सुटला तो तिने ऐकला. तिने दोन्ही कप उचलले, आत गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात ती काही गुणगुणत होती का ते मला इथून ऐकू येत नव्हतं.